तिघऱ्याच्या पाण्यावर एक दुपारची झोप

ग्वाल्हेरला जाऊन बोटीवर एक दिवस काढून आले, असं सांगितलं की आमच्या सोसायटीतली माणसं आधी भूगोल तपासतात आणि मग माझी तब्येत. त्यांचं चुकत नाही. ग्वाल्हेरला समुद्र नाही. शहरातून एक नदी जाते, पण तिच्यात बोट सोडायची तर आधी पाणी सोडावं लागेल. मात्र शहराबाहेर, तांबूस खडकाच्या टेकड्यांमध्ये, तिघऱ्याचं धरण आहे. मे महिन्यात, शहाणी माणसं ग्वाल्हेर सोडून पळतात तेव्हा, मी तिथे गेले ती कुमुदमावशीच्या झोपेसाठी.

कुमुदमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन पुण्याहून ग्वाल्हेरला गेली आणि तिकडचीच झाली. सासरचे उपाध्ये, म्हणजे एके काळी दरबारातल्या सरदारांना मुहूर्त काढून देणारं घराणं. काकांनी मात्र पंचांग मिटलं आणि इंजिनिअरिंग केलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं दोघं धरणाच्या कॉलनीत राहिली. खिडकीखाली पाणी. "तशी झोप मला परत कधी लागली नाही," असं मावशी इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणाली आहे की आमच्याकडे कुणी जांभई दिली तरी तिघऱ्याचं नाव निघतं.

आता काका नाहीत, आणि मावशीच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. दिल्लीला ऑपरेशन ठरलं. वय पाहता डॉक्टरांनी कुठलंच वचन दिलं नव्हतं. मावशीनंही मागितलं नव्हतं. तिनं मागितलं ते एवढंच, की दिल्लीला जाण्याआधी एक दुपार तिघऱ्याच्या पाण्यावर झोपायचं. डॉक्टर म्हणाले, उन्हात आणि उकाड्यात अजिबात नाही, पण गार खोली असेल तर हरकत नाही. खोली जमिनीवरच हवी असं ते म्हणाले नाहीत, आणि मावशीनं विचारलं नाही.

पडाव

सुधीरदादा स्टेशनवर घ्यायला आला होता. हा मावशीचा मुलगा. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे विजेवर त्याचं निर्भय प्रेम आहे. निवृत्तीनंतर त्यानं कोकणातल्या कुणा हौशी माणसाची जुनी बोट विकत घेतली आणि ट्रकवर चढवून तिघऱ्याला आणली. एक खोली, एक मोरी, एक ओटा, आणि समुद्रावरच्या श्रीमंत धक्क्यांना शोभेल असा एसी. नावेला नाव अजून ठेवलेलं नव्हतं. घरात त्यावर एकमत होत नव्हतं.

पडावला, स्टेशनच्या अंगालाच, एका दुकानात आम्ही बेडई खायला बसलो. बेडई म्हणजे पोटात डाळीचं वाटण भरलेली जाड पुरी, बरोबर बटाट्याची झणझणीत पातळ भाजी, आणि हे सगळं पोटात गेल्यावर वर जिलबी. आम्ही पुणेकर सकाळी बशीभर पोहे खाऊन कृतार्थ होतो. इथे नाश्ता झाल्यावर माणसाला थोडा वेळ भिंतीला टेकून बसावं लागतं.

"आता ऐक," दादा द्रोण सरकवत म्हणाला. "हा धक्का. धक्क्यावर लाइन किती? पंधरा अँपियर. बस. आणि आपला एसी मागतो तो त्याच्या खानदानाप्रमाणे. पूर्ण वेळ नाही मागत. फक्त चालू होताना एकदम खूप ओढतो, मग शांत."

"सरदारासारखा," मी म्हटलं. "येताना चोपदार, तुतारी, अंबारी. एकदा गादीवर टेकला की पेंगतो."

"बिलकुल! पण तो एकदा येताना फ्रिज, गीझर, केटली काहीच चालू नको. नाहीतर मेन बटण पडलंच, सगळ्यांची वीज गुल म्हणून समज. तुला म्हणूनच बोलावलं. अलका चहाशिवाय राहू शकत नाही, तिला मी केटलीजवळ उभी करणार नाही."

अलकावहिनी म्हणजे त्याची बायको. तर पुण्याहून ग्वाल्हेरपर्यंत मला आणलं होतं ते केटलीवर पहारा करायला. यापेक्षा कमी कामासाठी माणसं परदेश दौरे करतात, असं मनाशी म्हटलं आणि जिलबी संपवली.

हरिशंकरपुरम

मावशीचं घर हरिशंकरपुरमला, कॉलनीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मावशी पलंगावर उशीला टेकून बसली होती. आवाज बारीक झाला होता, जीभ नाही.

"आलीस? वाळलीस. पुण्यात जेवण बंद झालंय का भाषणंच खाता?"

वहिनीनं फालशाचं सरबत दिलं. फालसे म्हणजे करवंदाची शहरात शिकलेली बहीण. तोच रंग, तेच आंबटपण, पण वागण्यात नरमाई. ग्लास हातात घेऊन मी खिडकीशी बसले. बाहेर दुपार पांढरी झाली होती. रस्त्यावर कुत्रं नव्हतं, सावलीही नव्हती. कुठूनतरी कूलरचं पाणी थेंबथेंब पडत होतं आणि त्या आवाजात माझे डोळे मिटत होते. या शहरात उन्हाळ्याच्या दुपारी प्रत्येक जण थोडा स्वप्नात असतो. दुकानदार, रिक्षावाले, झाडांवरचे पोपटसुद्धा.

"मला झोप लागत नाही," मावशी अचानक म्हणाली. "डोळा लागतो. झोप वेगळी."

"परवा लागेल, आई," दादा म्हणाला.

"लाइट जाणार नाही न?"

"नाही जाणार."

हे तो ज्या आत्मविश्वासानं म्हणाला, तो मला फक्त निवडणुकीच्या सभेत ऐकल्याचा आठवतो.

महाराज बाडा

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर जाड वायर आणि वाळ्याच्या ताट्या आणायला बाड्यावर गेलो. महाराज बाडा हा लष्कर नावाच्या जुन्या शहरभागातला मोठा चौक. भोवताली संस्थानी काळातल्या इमारती उभ्या आहेत, आणि प्रत्येकीला आपण दुसऱ्याच कुठल्या देशात आहोत असं वाटतंय. एकीला युरोपची आठवण येते, दुसरीला मोगलाईची. आत आता बँका आणि कचेऱ्या आहेत. जिथे लोक मुजरे करत तिथे आता टोकन घेऊन बसतात. फरक एवढाच की टोकनाचा नंबर कधीतरी येतो.

वायरच्या दुकानात दादानं हुज्जत घातली. दुकानदार लांब आणि बारीक वायर दाखवत होता.

"भाईसाहब, पतली नहीं चलेगी. बोट का एसी है."

"बोट का?" दुकानदारानं चष्मा वर केला. "ग्वालियर में?"

"तिघरा में."

"अच्छा, तिघरा में," तो म्हणाला, जणू यानं सगळाच उलगडा झाला, आणि जाड वायरचं वेटोळं काढलं.

बाहेर आल्यावर दादानं मला समजावलं की लांब आणि बारीक वायर वाटेतच वीज खाते, टोकाला पोचेपर्यंत निम्मा जीव उरतो, आणि कमी दाबावर एसी कुंथत बसतो. अनुदानाचंही असंच होतं, असं मी म्हणाले. तो हसला नाही. ताट्या निवडण्यात गुंतला होता.

वाळा आम्हीही वापरतो, पण चिमूटभर, माठात. इथे त्याची दारं करतात. ओली ताटी खिडकीला लावली की आत येणारा वारा नुकत्याच भिजलेल्या जमिनीच्या वासाचा होतो. रिक्षात त्या ताट्या मांडीवर घेऊन बसले तेव्हा सगळ्या लष्करभर मी तो वास सांडत चालले आहे असं वाटलं.

तिघरा

पहाटे दादा मला बोटीवर सोडून मावशीला आणायला परत गेला. खोली सकाळपासूनच गार करत ठेवायची, म्हणजे दुपारी एसीला फार झगडावं लागणार नाही, अशी त्याची योजना होती. एसी खालून धरणाचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतो. त्याच्या तोंडाशी असलेली जाळी शेवाळानं भरते, ती मी बादली घेऊन धुतली.

पाणी उन्हाळ्यानं मागे हटलं होतं. उघड्या पडलेल्या काठावर चिखल वाळून फरशीसारखा तडकला होता. पलीकडे टेकड्या धुरकट, एकामागे एक, प्रत्येक आधीपेक्षा फिकट. शेवटची आहे की नाही ते सांगता येत नव्हतं. एक पाणकावळा पंख पसरून खुंटावर उभा होता आणि बराच वेळ हलला नाही. मीही हलले नाही. दोघांपैकी कोण कुणाकडे पाहत होतं ते आता आठवत नाही.

तेवढ्यात दादाचा फोन आला.

"हां वसू, धक्क्यावर दोन बोर्ड आहेत. खाली बोर्ड आहे न, त्यात वायर लाव. दुसऱ्यात लावू नकोस."

धक्क्याच्या पायऱ्या वरपासून पाण्यापर्यंत उतरतात. एक बोर्ड वर, कडुनिंबाच्या खोडाला. दुसरा अगदी खाली, लोखंडी खांबाला. मी आज्ञाधारकपणे खाली गेले, खालच्या बोर्डात वायर लावली, बोटीवर येऊन एसी चालू केला. तो घरघरला, थरथरला, आणि गेला. त्याच क्षणी शेजारच्या बोटीवर लावलेली सनई मध्येच तुटली आणि आतून कुणीतरी ओरडलं.

शेजारची बोट मी तोवर नीट पाहिली नव्हती, कारण नीट पाहायला गडद चष्मा लागला असता. पुढच्या टोकाला सोनेरी रंगाचा हंस. आत लाल मखमली सोफे, कुणा मिशाळ पूर्वजाची तसबीर. कठड्यापासून छतापर्यंत विजेच्या माळा. आणि मोठ्या अक्षरांत नाव, 'श्रीमंत'. तिच्यातून एक गृहस्थ बाहेर आले. डोक्यावर जरीची पगडी, अंगात बंडी, कमरेला लुंगी. पगडी बांधून पाहणं चालू असावं.

"बाईसाहेब, ही लाइन आमची आहे."

"मला खाली बोर्डात लावायला सांगितलं."

"हो न. खाली तर वरचा आहे."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. "मग हा खालचा?"

"खालचा खाली कुठे आहे? भरलेला आहे! आमच्या माळा, आमची बर्फाची पेटी, सगळं त्यातच आहे."

मग डोक्यात प्रकाश पडला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारी राहून ग्वाल्हेरच्या मराठीनं ते आपलंसं केलं आहे. दादा मला रिकामा बोर्ड सांगत होता आणि मी पुणेरी शुद्धतेच्या जोरावर पायऱ्या उतरून आले होते. माफी मागून मी वायर काढली, वर नेऊन कडुनिंबाच्या बोर्डात लावली. एसी पुन्हा घरघरला. पुन्हा गेला. पुन्हा सनई तुटली.

"दोन्हीची आई एकच आहे," गृहस्थ आता पगडी काखेत धरून म्हणाले. "वरचं मेन बटण एकच."

तर गोष्ट अशी होती. धक्क्यावर वीज एका माणसाला पुरेल एवढी. एक तर हंस उजळेल, नाहीतर मावशी झोपेल.

त्या गृहस्थांना सगळे रावसाहेब म्हणतात. घराणं शिपाईगिरीचं, कुठल्याशा लढाईत पणजोबांनी तलवार गाजवलेली. रावसाहेब स्वतः टायरच्या धंद्यात आहेत. त्या दिवशी दुपारी त्यांच्या नौकेचं पूजन होतं आणि पाहुणे येणार होते. त्यांचा जनरेटर दुरुस्तीला गेला होता. आमच्यासाठी तो असून नसल्यासारखाच, कारण त्याच्या आवाजात झोपेल असा माणूस अजून जन्माला आलेला नाही. सकाळपुरती त्यांनी मोठ्या मनानं माघार घेतली. "तुम्ही खोली गार करा. पण दुपारी मुहूर्त आहे, बाईसाहेब. मुहूर्ताला नाही म्हणता येत नाही."

मावशी आली तेव्हा खोली वाळ्याच्या वासानं आणि गारव्यानं भरली होती. दादा आणि वहिनीनं तिला धरून आत आणलं. गाडीपासून बोटीपर्यंतच्या पायऱ्यांनीच तिला धाप लागली होती, ओठ जरा निळसर झाले होते. पलंगावर बसल्यावर श्वास हळूहळू खाली आला. तिनं खिडकीतून पाण्याकडे पाहिलं.

आणि नेमके तेव्हाच रावसाहेब दारात आले. आता अंगात भरजरी अंगरखा, कमरेला म्यानातली तलवार, कपाळावर घाम. दादानं बाहेरच त्यांना परिस्थिती सांगितली. ते ओशाळले, पण मुहूर्त मुहूर्त असतो. पाहुण्यांच्या गाड्या धक्क्याकडे वळल्याच होत्या.

"कोण आहे?" मावशीनं आतून विचारलं.

"रावसाहेब आहेत, आई. शेजारची बोट."

"आत बोलवा. दार उघडं ठेवून गारवा घालवू नका."

रावसाहेब वाकून आत आले. तलवार दाराला अडकली, ती सोडवली. "नमस्कार, मातोश्री. माफी असावी."

"कुठले तुम्ही?"

त्यांनी घराण्याचं नाव सांगितलं. मावशीनं डोळे बारीक केले.

"तुमच्याकडचे मुहूर्त आमच्या उपाध्यांच्या घरून जायचे. आजचा कुणी काढला?"

रावसाहेबांनी मान खाली घातली. "मोबाइलवर पाहिला."

"मोबाइलवर." मावशीनं तो शब्द जमिनीवर पडलेली वस्तू उचलावी तसा उचलला. "नवी नाव, आणि पूजन भर दुपारी? सूर्य डोक्यावर असताना? पाणी तापलेलं असताना?"

"मग कधी, मातोश्री?"

"गोरज मुहूर्त धरा. गाई चरून परततात, काठावर पाण्याला तोंड लावतात, धूळ सोनेरी होते, तेव्हा. तोवर एक दिवा लावू नका."

रावसाहेबांचा घामेजलेला चेहरा निवला. आमच्या एसीला जे जमलं नव्हतं ते या दोन वाक्यांनी केलं. त्यांनी लवून मुजरा केला. ते गेल्यावर मी मावशीकडे पाहिलं.

"असा मुहूर्त असतो नावेला?"

"लग्नाला असतो," ती आडवी होत म्हणाली. "नावेला काय माहीत. काका असते तर विचारलं असतं. पडदा ओढ."

मी पडदा ओढला, पण फट ठेवली. पाण्यावरून उसळलेला उजेड त्या फटीतून आत येऊन छतावर हलत होता. वर खाली, वर खाली, कुणी चाळणीतून प्रकाश चाळावा तसा. एसी आता सरदारासारखाच पेंगत होता, एकसुरी. बोट दोरावर किंचित डुलत होती. मावशीचा हात पलंगाच्या कडेवरून सुटला, तळवा वर. तिचं तोंड जरासं उघडलं. बऱ्याच वेळानं मला कळलं की हा डोळा लागणं नव्हे. ही झोप.

मीही अर्धवट झोपले असावे. पाणी माझ्या खाली आहे की वर, असं वाटत होतं. कधी मला काका दिसले, तरुण, ओल्या केसांचे, खिडकीखालून काहीतरी सांगणारे. मी त्यांना कधी तरुण पाहिलेलं नाही, तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या स्वप्नातून चुकून माझ्याकडे आले असावेत.

मग आवाज थांबला.

आवाज थांबल्यानं जाग येते हे मला त्या दिवशी कळलं. एसी बंद होता. खोली क्षणभर तशीच गार होती, मग भिंतींतून ऊन झिरपायला लागलं. बाहेर दादा धावत पायऱ्या चढत होता. मी वाळ्याची ताटी भिजवून खिडकीला लावली आणि पदरानं मावशीला वारा घालू लागले. तिच्या कपाळावर, ओठांवर घामाचे बारीक थेंब आले. श्वास जरा जोरात झाला. झोप मोडली नव्हती, पण पातळ होत चालली होती. तळ दिसेल इतकी.

दादा दारात आला. "सनईवाल्यानं लाउडस्पीकर लावून पाहिला," तो कुजबुजला. "बटण वर केलंय. पण एसी लगेच नाही चालू करता येत. दाब उतरेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर तो अडकूनच बसेल."

"किती?"

"थोडा वेळ."

तो थोडा वेळ मला पुण्याहून ग्वाल्हेरच्या प्रवासाएवढा वाटला. वहिनी दुसऱ्या बाजूनं वारा घालत होती. बाहेर रावसाहेबांचा आवाज चढला, "किसने लगाया? किससे पूछ के?" आणि मग एकदम उतरला, कारण कुणीतरी त्यांना आमच्या खिडकीकडे बोट दाखवलं असावं.

दादानं बटण दाबलं. एसी घरघरला, थरथरला. आम्ही तिघांनीही श्वास धरला. मग तो स्थिरावला, आणि गार हवेचा पहिला पट्टा मावशीच्या कपाळावरून गेला. तिनं कूस बदलली. झोप पुन्हा खोल गेली.

(दिल्लीचं ऑपरेशन पुढे नीट पार पडलं, हे इथेच सांगून टाकते. पण त्या दुपारी तिच्याकडे पाहताना ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.)

मी बाहेर आले तेव्हा रावसाहेब कडुनिंबाखाली खुर्ची टाकून, बोर्डाला पाठ लावून बसले होते. अंगरखा घामानं अंगाला चिकटलेला, तलवार गुडघ्यांवर आडवी. पणजोबांच्या त्या तलवारीला इतक्या वर्षांनी राखायला काहीतरी मिळालं होतं. एक पाहुणा मोबाइलला वीज द्यायला वायर घेऊन आला, त्याच्याकडे रावसाहेबांनी नुसतं पाहिलं. तो परत गेला. बर्फाची पेटी बंद, त्यामुळे सगळ्यांना कोमट शिकंजी, म्हणजे इकडचं लिंबाचं सरबत, मिळत होती. तरी अंधाऱ्या, सोनेरी हंसाच्या बोटीत पन्नासेक माणसं पंखे म्हणून पत्रिका हलवत मुकाट बसली होती. एवढी शांत मेजवानी मी आयुष्यात पाहिलेली नाही.

ऊन तिरपं झालं. टेकड्यांना पुन्हा रंग आला. काठावर धूळ उठली, तिच्यातून जनावरं उतरायला लागली. रावसाहेब उठले, डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि पाय न वाजवता माझ्याजवळ आले.

"जाग आली?"

"नाही."

"गाई नाही आल्या. म्हशी आल्यात." ते खरोखर चिंतेत होते. "म्हशी चालतात का, विचारायचं होतं."

"विचारायचं तर उठवावं लागेल."

त्यांनी दाराच्या काचेतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "नको. येतील गाई." आणि मागे वळून, पाहुण्यांना ऐकू जाईल पण काचेतून आत जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मुहूर्त में अभी देर है! बड़े घर का मुहूर्त है, भाई, ऐसे थोड़े ही आता है!"

"हाँ हाँ, क्यों नहीं," पाहुणे म्हणाले आणि पत्रिका हलवत राहिले. डौलाचा एवढा चांगला उपयोग होऊ शकतो, हे मला पुण्यात कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

सूर्य पाण्याला टेकला. म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात शिरून डोळे मिटून उभ्या राहिल्या. सूर्य गेला. पाणी तांब्याचं झालं, मग जांभळं. कुणीच दिवा लावला नाही. सगळा काठ वाट पाहत होता आणि आत एक म्हातारी बाई झोपली होती.

मावशी उठली तेव्हा खोलीत जवळजवळ अंधार होता. "किती वाजले?" तिनं विचारलं. मग खिडकीकडे पाहून दचकली. "अगं, मुहूर्त टळला की त्यांचा!"

रावसाहेब दाराशीच होते. आत न येता त्यांनी हात जोडले. "आपण उठलात तोच मुहूर्त, मातोश्री."

"मग माझ्याकडे काय बघताय?" मावशीनं पदर सारखा केला. "बटण दाबा."

दादानं आमची वायर काढली. क्षणात हंस उजळला. माळा हिरव्या, लाल, निळ्या पळायला लागल्या, हंसाच्या डोळ्यांतसुद्धा दोन दिवे लागले. सनईला सूर फुटला. म्हशींनी माना वर केल्या. वहिनीनं न विचारता केटली लावली आणि चमत्कार म्हणजे बटण पडलं नाही. आम्ही मावशीला धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं. पाण्यावरून आता गार वारा येत होता. ती त्या सगळ्या झगमगाटाकडे तोंड किंचित वाकडं करून पाहत राहिली.

दादा तिच्या पायाशी बसला. त्यानं विचारलं, पण अगदी सहज विचारल्यासारखं.

"आई, लागली का तशी झोप?"

"तशी नाही," मावशी म्हणाली.

आमचे चेहरे पडले असावेत. तिनं चहाचा कप वहिनीच्या हातून घेतला, फुंकर मारली.

"तेव्हा त्या घरात पंखासुद्धा नव्हता. घामानं उशी भिजायची, आणि तुझे वडील घोरायचे. ही जास्त चांगली होती."